सात किलोची केबिन बॅग: सातारा-सांगलीहून विमानाला निघण्याआधी काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

दर महिन्या-दोन महिन्याला कुणाचा तरी फोन येतो, बॅग काउंटरवर अडवली, पैसे भरायला सांगतायत, आता काय करू. तेव्हा करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. चूक चार दिवस आधी घरीच झालेली असते, आणि ती बहुतेक एकच असते: आधी बॅग भरायची, मग चेन ओढून बंद करायची, मग उचलून बघायची आणि म्हणायचं "असेल की सात किलो". उलटं करायचं असतं. आधी रिकामी बॅग मोजायची, मग रिकाम्या बॅगेचं वजन करायचं, मग सामान निवडायचं आणि सगळ्यात शेवटी भरायचं. खाली याच क्रमानं लिहिलंय, मधली पायरी गाळू नका.

पायरी १: तिकीट नीट वाचा, भाव बघून झाला असेल तर आता नियम बघा

तिकिटाच्या पीडीएफमध्ये खाली बारीक अक्षरात बॅगेज लिहिलेलं असतं. त्यात दोन आकडे शोधा, केबिन (स्वतःबरोबर विमानात न्यायची बॅग) किती आणि चेक-इन (काउंटरवर द्यायची बॅग) किती. आपल्याकडे डोमेस्टिकला इकॉनॉमीत सर्वसाधारण केबिनला एक बॅग ७ किलो आणि चेक-इनला १५ किलो असं असतं. पण "सर्वसाधारण" या शब्दावर जाऊ नका, काही स्वस्त भाड्यात चेक-इन बॅगच नसते आणि ते काउंटरवर गेल्यावर कळतं.

मापाचं असं आहे. इंडिगो ५५ × ३५ × २५ सेंमी सांगते, एअर इंडिया ५५ × ४० × २० सेंमी. बेरीज करून बघा, दोन्हीकडे ११५ येते. म्हणून लोकांना वाटतं बेरीज जमली की झालं. तसं नाही, २४ सेंमी जाडीची फुगलेली बॅग एकीकडे बसते आणि दुसरीकडे बसत नाही. जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी असेल तर प्रत्येक बाजूचा लहान आकडा धरा, म्हणजे ५५ × ३५ × २०. एवढ्यात बसणारी बॅग दोन्हीकडे बसते.

बाहेरच्या कंपन्यांचं वेगळं. लुफ्थान्सा ८ किलो आणि ५५ × ४० × २३ सेंमी देते. एमिरेट्सचं इकॉनॉमीला ७ किलो आहे आणि भारतातून चढणाऱ्यांना त्यांनीही ११५ सेंमीची बेरीज लावलेली आहे. पुण्याहून दिल्ली एका कंपनीनं आणि तिथून फ्रँकफर्ट दुसऱ्या कंपनीनं असा प्रवास असेल तर सगळ्यात कडक नियम ज्या टप्प्याला आहे तोच तुमचा नियम. दिल्लीत उतरून आठ किलो चालतील पण पुण्यातच एक किलो काढायला लावला तर तो किलो ठेवणार कुठे?

लॅपटॉप बॅग किंवा लेडीज पर्स वेगळी चालते का, हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. इंडिगो ३ किलोपर्यंतची एक अशी छोटी बॅग वेगळी देते. काही कंपन्या लॅपटॉपसकट सात किलो धरतात. त्यामुळे मामाच्या मुलाला चाललं म्हणून मला चालेल असं नाही, मामाचा मुलगा कोणत्या विमानानं गेला ते आधी विचारा.

तपासा: कागदावर चार गोष्टी लिहा. कंपनी, केबिनचे किलो, केबिनचं माप, छोटी बॅग वेगळी की आतच. हा कागद बॅगेवर चिकटपट्टीनं चिकटवा. हसू नका, आमच्याकडे चिकटवतात.

पायरी २: रिकामी बॅग मोजा, चाकांसकट

साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत मारुती रोडला बॅग घ्यायला गेलं की दुकानदार म्हणतो "ही केबिन साईज, वीस इंची". वीस इंच म्हणजे जवळपास ५१ सेंमी. पण बऱ्याचदा ते नुसत्या बॅगेच्या पेटीचं माप असतं. खालची चाकं आणि वरची मूठ धरली की पाच-सहा सेंमी सहज वाढतात आणि बॅग ५६-५७ वर जाते. विमानतळावर तो लोखंडी साचा असतो ना, साईझर, त्यात चाकं काढून ठेवायची सोय नसते.

मोजायचं असं: बॅग भिंतीला टेकवून चाकांवर उभी करा, ओढायचा दांडा पूर्ण आत दाबा, वर एक पाट किंवा जाड वही आडवी ठेवा आणि जमिनीपासून पाटाच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा. ही झाली उंची. रुंदी मोजताना बाजूची मूठ धरायची. जाडी मात्र रिकामी असताना मोजून उपयोग नाही, ती भरल्यावर परत मोजायची आहे, कारण पुढचा खिसा फुगतो. ज्या बॅगेला गोल चेन फिरवून जाडी वाढवायची सोय असते तिची ती चेन बंदच ठेवा, ती उघडली की बॅग केबिनची राहत नाही.

शिंप्याचा जुना टेप वापरू नका, तो ताणलेला असतो. मुलांच्या कंपासमधली पट्टी लावून टेप एकदा बरोबर आहे का बघा.

इशारा: मऊ कापडी सॅक असली तर माप लागत नाही असा एक समज आहे. सॅक साच्यात दाबून बसवता येते हे खरं, पण तेवढी दाबता येईल इतपतच भरलेली असेल तर. आत पुठ्ठ्याचा खोका घातलेली सॅक दाबली जात नाही.

पायरी ३: रिकाम्या बॅगेचं वजन

ही पायरी दहातले नऊ जण करत नाहीत, आणि खरं सगळं दुखणं इथंच आहे. चाकांची टणक ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते. सात किलोतले तीन किलो बॅगेनंच खाल्ले. उरले चार. त्यात लॅपटॉप आणि चार्जर मिळून दोन किलो. उरले दोन. दोन किलोत तुम्ही काय नेणार, एक जीन्स, दोन शर्ट आणि टॉवेल. म्हणून ज्यांना फक्त केबिन बॅगेवर जायचंय त्यांना माझं सरळ सांगणं आहे की ट्रॉली घरी ठेवा आणि किलोभराची साधी पाठीवरची सॅक घ्या. पोराच्या कॉलेजची असेल तरी चालेल. दिसायला ट्रॉली रुबाबदार दिसते पण रुबाबाचे दोन किलो जातात.

वजन करायला हुकाचा डिजिटल काटा मिळतो, काही शेकड्यांत येतो, घराण्यात एक असला तरी सगळ्यांचं भागतं. नसेल तर बाथरूमच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. नुसती बॅग त्या काट्यावर ठेवली तर ती नीट टेकत नाही आणि आकडा चुकतो. ओळखीच्या किराणावाल्याचा इलेक्ट्रॉनिक काटा सगळ्यात बरा. सांगलीतल्या लोकांना तर मार्केट यार्डात कुणी ना कुणी ओळखीचं असतंच, पण तो पोत्यांचा मोठा काटा वापरू नका, त्याला शे-दोनशे ग्रॅमचं काही वाटत नाही.

तपासा: घरच्या काट्यावर भरवसा ठेवण्याआधी पाण्यानं भरलेल्या एक लिटरच्या दोन बाटल्या पिशवीत घालून लावा. दोन किलोच्या किंचित वर आकडा यायला पाहिजे. पावणेदोन किंवा सव्वादोन दाखवत असेल तर तो काटा भाजीवाल्याला द्या.

पायरी ४: अंथरुणावर तीन ढीग

आता सामान. बॅग अजून बंद, कोपऱ्यात. पलंगावर चादर टाका आणि तीन ढीग लावा: केबिनमध्येच जायला हवं ते, चेक-इनमध्येच जायला हवं ते आणि घरीच राहणार ते. चौथा ढीग लावू नका. "बघू, जागा उरली तर" हा चौथा ढीगच शेवटी बॅग फोडतो.

*केबिनमध्येच:* पॉवर बँक आणि सुट्ट्या बॅटऱ्या. हे चेक-इनमध्ये चालत नाही म्हणजे चालत नाही. मशीनमध्ये दिसली की बॅग बाजूला काढतात, तुम्हाला नाव पुकारून बोलावतात, आणि तुम्ही तेव्हा सिक्युरिटी ओलांडून वडापाव खात असता. पॉवर बँकेवर वॉट-अवर (Wh) लिहिलेलं असतं, १०० पर्यंत बिनघोर, १०० ते १६० ला कंपनीची परवानगी लागते, त्यावर नाहीच. लिहिलेलं नसेल तर मिलीअँपिअर अवर (mAh) गुणिले ३.७ भागिले १०००. वीस हजारची बँक म्हणजे ७४, चालते. तीस हजारची म्हणजे १११, तिथं अडचण. अक्षरं खरवडून गेलेली असतील तर नवीन घ्या, पुसट लेबलची बँक काढून घेतात. आणि विमानात डोक्यावरच्या कप्प्यात टाकू नका, अंगाजवळ ठेवा. एमिरेट्सनं तर १ ऑक्टोबर २०२५ पासून एकच बँक आणि तीही विमानात वापरायची नाही असा नियम केलाय.

त्याशिवाय औषधं, डॉक्टरची चिठ्ठी, दागिने, कागदपत्रं, चष्मा, एक दिवसाचे कपडे. आईवडिलांना पहिल्यांदा पाठवत असाल तर बीपी-शुगरच्या गोळ्या चेक-इनला गेल्या नाहीत ना हे तुम्ही स्वतः बघा, ते "ठेवल्यात" म्हणतात आणि त्या मोठ्या बॅगेच्या तळाला असतात.

*चेक-इनमध्येच:* कात्री, चाकू, विळीचं पातं, अडकित्ता. आजोबांचा अडकित्ता सदऱ्याच्या खिशात असतो, त्यांना ते हत्यार आहे असं वाटतच नाही.

*घरीच:* काडेपेटी, लायटर, कापूर. पूजेच्या पिशवीत कापराची डबी आणि काडेपेटी जोडीनं राहतात म्हणून ती पिशवी पूर्ण रिकामी करून बघा, वरवर हात फिरवून नाही.

पायरी ५: आपल्याकडच्या वस्तू, इथं जरा थांबा

इंटरनेटवरच्या याद्या वाचल्या तर शाम्पू आणि परफ्यूम याबद्दल सगळं मिळतं. आपल्या बॅगेत शाम्पू नसतो, कांदा-लसूण चटणी असते. म्हणून हे वेगळं लिहितो.

कांदा-लसूण चटणी, लाल तिखट, मसाला: केबिनमध्ये नाही. मिरची पूड डोळ्यात फेकायचं हत्यार म्हणून धरतात आणि आपली चटणी त्यांना मिरची पूडच दिसते, ती आजीच्या हातची आहे हे मशीनला कळत नाही. चेक-इनमध्ये घाला, दोन प्लास्टिक पिशव्यांत, वर डबा, डब्याला टेप. नाहीतर वर्षभर सगळ्या शर्टांना वास.

हळद: सांगलीची हळद किलोनं नेणारे खूप. चेक-इनला काही अडचण नाही. अमेरिकेला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, केबिनमध्ये ३५० मिलीपेक्षा जास्त पूड असली की तिची वेगळी तपासणी होऊ शकते, पिवळी पूड घेऊन रांगेत उभं राहायची हौस कशाला.

लोणचं, तूप, मध, जॅम, क्रश: महाबळेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येक घरात स्ट्रॉबेरी क्रशची बाटली असते. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला केबिनमध्ये १०० मिलीपेक्षा मोठ्या बाटलीत काहीही पातळ, घट्ट, चिकट चालत नाही, आणि अशा सगळ्या छोट्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक बंद होणाऱ्या पिशवीत बसल्या पाहिजेत. तूप थिजलेलं असलं तरी ते पातळातच धरतात. आणि आकडा बाटलीवरचा धरतात, आतल्या मालाचा नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर तेल उरलंय, तरी ती बाटली गेली. डोमेस्टिकला हा १०० मिलीचा नियम लागत नाही, पाण्याची बाटली साधारण जाऊ देतात, पण लोणचं आणि तेल चेक-इनलाच द्या, लोणच्यात मिरचीही असते आणि गळतंही. पुण्याहून डोमेस्टिकनं दिल्ली आणि तिथून परदेश असं असेल तर दिल्लीला परत सिक्युरिटी होते, पुण्यात सुटलेली बरणी तिथं अडकते.

नारळ: आता हा खरा मुद्दा. लेक सासरी नाहीतर परदेशी निघाली की दारात ओटी भरतात, खण, तांदूळ, नारळ. ओटी नाकारायची नसते आणि ती पर्समध्ये किंवा हातातल्या पिशवीतच जाते. अख्खा नारळ केबिनमध्ये चालत नाही. शबरीमलाच्या भाविकांसाठी २०२२ च्या नोव्हेंबरात खास सूट द्यावी लागली होती आणि तीही २० जानेवारी २०२३ पर्यंतच, यावरून समजा. माझ्या बहिणीची ओटी आईनं घरातून निघताना भरली, आम्ही कुणी बोललो नाही, आणि सिक्युरिटीला तो नारळ टेबलावर काढून ठेवावा लागला. बहीण नारळासाठी रडली नाही, पण रडली. तेव्हापासून आमच्याकडे ओटी आदल्या संध्याकाळी भरतात, नारळ रात्रीच फोडून त्याची बर्फी होते, आणि खण-तांदूळ तेवढे बरोबर जातात.

सुकं खोबरं: हे चेक-इनलाही नाही, ही माहिती फार कमी जणांना आहे. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते स्वतःहून तापून पेट घेऊ शकतं म्हणून अख्खा गोटा धोकादायक मालात धरतात. मसाल्यासाठी तिकडं खोबरं मिळत नाही म्हणून वाट्या देणारी मावशी प्रत्येकाला असते. मावशीला सांगा, भाजून मसाल्यातच वाटून दे.

कंदी पेढे, भडंग, बेदाणे: तिन्ही कोरडे, केबिनला चालतात. पेढे जड असतात, अर्धा किलोचा बॉक्स म्हणजे पुठ्ठा धरून अर्ध्या किलोपेक्षा जास्त, दोन बॉक्सात तुमचा एक किलो गेला. भडंग उलटं, वजनाला काही नाही पण जागा खाते, सांगलीहून भडंगाची पिशवी हातात वेगळी धरून नेणारे लोक असतात आणि ती दुसरी बॅग म्हणून मोजली जाते. भडंग चेक-इनमध्ये कपड्यांच्या फटीत भरा, कपडे सुरकुतत नाहीत आणि भडंगही चुरत नाही. बेदाणे सगळ्यात सोयीचे, तासगावकरांना काही सांगायची गरज नाही.

इशारा: विमानात चालणं वेगळं आणि त्या देशात चालणं वेगळं. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे जर्मनीला जाणाऱ्या पोराच्या बॅगेतले पेढे पुण्यात सुटतील आणि तिकडं कस्टम्सला जातील. ऑस्ट्रेलियात खायचं काहीही असेल तर फॉर्मवर लिहून दाखवायचं, लपवायचं नाही. आणि दुबई, अबुधाबीला खसखस म्हणजे थेट अमली पदार्थांच्या यादीत. दिवाळीच्या फराळातल्या अनारशावर खसखस असते, मसाल्यात असते. नातवाच्या प्रेमानं दिलेल्या डब्यानं माणूस पोलिसांत जाऊ शकतो, ही अतिशयोक्ती नाही. तिकडचे अनारसे बिनखसखशीचे करा. विड्याची पानंही तिकडं नेऊ नका.

पायरी ६: आता बॅग भरा

आता बॅग कोपऱ्यातून काढा. जड वस्तू चाकांच्या बाजूला, पाठीवरची सॅक असेल तर पाठीला लागून. लॅपटॉप, पॉवर बँक, चार्जर आणि पातळाची पारदर्शक पिशवी अगदी वर, एका हातानं निघेल अशी. लोक लॅपटॉप सगळ्यात खाली घालतात, सुरक्षित राहावा म्हणून, आणि मग सिक्युरिटीच्या पट्ट्यापाशी बनियन-टॉवेल सगळं बाहेर येतं, मागं चाळीस माणसं.

जाड जॅकेट, जड बूट अंगावर घाला. अंगावरच्याचं वजन कुणी करत नाही. उन्हाळ्यात साताऱ्याच्या स्टँडवर स्वेटर घालून उभं राहिलं तर लोक बघतात, बघू देत, किंवा हातावर टाका.

औषधं आणि दागिने एका छोट्या पाऊचमध्ये घालून तेच पाऊच बॅगेच्या तोंडाशी ठेवा. का ते पुढं येतंय.

भरून झाली की तीन गोष्टी परत: उंची, फुगलेली जाडी, वजन. वजन सातच्या तोंडावर आणू नका, ६ किलो ७०० ग्रॅमवर थांबा. काट्याकाट्यात फरक असतो आणि वाटेत पाण्याची बाटली, पेपर, मोबाईलचा चार्जर आत जातोच.

तपासा: भरलेली बॅग एका हातानं डोक्याच्या वर उचलून दहा सेकंद धरता येते का. विमानातल्या कप्प्यात ती तुम्हालाच ठेवायची आहे. वयस्कर माणूस असेल आणि उचलता येत नसेल तर वजन नियमात असून उपयोग नाही, पाच किलोच द्या.

पायरी ७: निघायच्या आदल्या रात्रीपासून बॅगेला कुलूप

वजन घरी बरोबर आणि विमानतळावर आठ किलो, असं का होतं? शेवटच्या बारा तासांत घरातला प्रत्येक माणूस काहीतरी घालतो. काकू चिवड्याची पिशवी, शेजारच्या आजी "एवढंच गं, माझ्या नातीला दे", वडील दोन पेन आणि एक जाड डायरी. एकेक वस्तू शंभर-दोनशे ग्रॅमची, नाही म्हणायची सोय नाही. आमच्याकडे उपाय असा केलाय की दारात एक कापडी पिशवी टांगतो, जो येईल त्यानं त्या पिशवीत टाकायचं, बॅगेला हात लावायचा नाही. रात्री पिशवीचं वजन करायचं आणि त्यातलं काय जाईल ते ज्याला जायचंय त्यानं ठरवायचं. राहिलेलं पुढच्या वेळी, किंवा कुरियर. रुसवे होतात, पण घरी होतात, काउंटरवर नाही.

दुसऱ्याचं बंद पाकीट घेऊ नका. आत काय आहे ते उघडून बघितल्याशिवाय नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना. सिक्युरिटीला "हे माझं नाही" म्हणून चालत नाही.

जास्त सामान होणारच असेल तर आदल्या दिवशी ॲपवर जादा किलो विकत घ्या. विमानतळावर तेच किलो महाग पडतात.

पायरी ८: घर ते विमानतळ

इथं फार सांगण्यासारखं नाही, एकच सांगतो. डोमेस्टिकला बॅग देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. साताऱ्याहून पुण्याचं लोहगाव सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, पण खंबाटकी आणि कात्रजनंतरचं ट्रॅफिक यांच्यापुढं किलोमीटर बोलत नाहीत. उशीर झाला की माणूस बॅगेचं माप, वजन सगळं विसरतो आणि जे मागतील ते पैसे देतो. सांगली-मिरजेच्या लोकांना कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ जवळ आहे, पण तिथं एक वेगळी गोष्ट आहे, ती पुढच्या पायरीत.

पायरी ९: काउंटर, सिक्युरिटी, शिडी

काउंटरवर केबिन बॅगही काट्यावर ठेवायला सांगू शकतात. सांगितलं की निमूट ठेवा, ती पाठीमागं लपवणारे लोक लगेच ओळखू येतात. वजन जास्त निघालं तर भांडू नका, बाजूला व्हा, रांग जाऊ द्या आणि हा क्रम करा: आधी जॅकेट अंगात, मग पुस्तक, चार्जर, पॉवर बँक जॅकेटच्या खिशात, मग जड वस्तू चेक-इन बॅगेत जागा असेल तर तिकडं. पॉवर बँक सोडून, घाईत नेमकी तीच तिकडं जाते. एवढं करून सहसा किलोभर निघतो. त्यावर असेल तर पैसे.

सिक्युरिटीला ट्रेमध्ये लॅपटॉप, टॅब, पॉवर बँक वेगळे. पट्टा, पाकीट, नाणी, किल्ल्या जॅकेटच्या खिशात घालून जॅकेटच ट्रेमध्ये टाका, सुटं सुटं टाकलं की पाकीट राहतं. पुढं जाऊन आपला ट्रे येईपर्यंत तिथंच उभे राहा.

आता ती कोल्हापूरची गोष्ट. छोट्या गावांना एटीआर ७२ सारखी पंख्याची लहान विमानं येतात. त्यातले वरचे कप्पे बुटके असतात, सात किलोची नियमातली ट्रॉलीही तिथं बसत नाही, म्हणून ती शिडीपाशी घेतात आणि खाली सामानाच्या जागेत ठेवतात. तुमची काही चूक नसते, पैसेही लागत नाहीत. पण त्या क्षणी तुमची केबिन बॅग चेक-इन झाली, आणि आत पॉवर बँक, औषधं, दागिने आहेत. मागचे लोक ढकलतायत, वारा सुटलाय, कर्मचारी टॅग बांधतोय. तेवढ्यात बॅग उघडून शोधत बसू नये म्हणून ते पाऊच तोंडाशी ठेवायला सांगितलं होतं. पाऊच आणि पॉवर बँक काढा, खिशात घाला, मग बॅग द्या. टॅगचा तुकडा घ्यायला विसरू नका. परत बॅग कुठं मिळणार, शिडीपाशी की पट्ट्यावर, हे त्यालाच विचारून घ्या.

मोठ्या विमानातही शेवटी चढणाऱ्यांच्या बॅगा कप्पे भरले म्हणून खाली घेतात, तेव्हाही हेच करायचं.

पायरी १०: परतीची बॅग

येताना लोक बेफिकीर असतात, घरीच तर चाललोय. पण परतीला घरचा काटा नसतो, किराणावाला नसतो आणि खरेदी झालेली असते. हुकाचा काटा बरोबर न्या, तो मूठभर असतो. ड्युटी फ्रीची पिशवीही काही कंपन्या सात किलोतच मोजतात. तिकडून घेतलेली पातळ वस्तू, म्हणजे परफ्यूम, ऑलिव्ह तेल, दिल्ली-मुंबईला उतरून पुढचं विमान धरायचं असेल तर मधल्या सिक्युरिटीआधी चेक-इन बॅगेत टाका, पट्ट्यावरून बॅग घेतल्यावर आणि ती परत देण्याआधी दहा मिनिटं मिळतात तेवढ्यात. आणि पायरी एकमधला तो कागद फाडून टाकू नका, येतानाच्या कंपनीचं माप त्याच्याच मागच्या बाजूला लिहिलेलं असू दे.